दुपारी झोपणारा

नणंदेचं लग्न पुन्हा व्हावं म्हणून भावजय धडपडायला लागली की लोकांना त्यातून एकच अर्थ निघतो. समोरच्या मुक्ताबेननी तर तोंडावरच विचारलं, "काय गं इला, रसीलाची खोली रिकामी हवीय वाटतं?"

मी म्हटलं, "हो ना. तुमची जीभ ठेवायला. तुमच्या घरात मावत नाही म्हणून."

खरं सांगते, रसीला मला बहिणीसारखी. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राजकोटला आली, खोट्या दागिन्यांच्या कारखान्यात नक्ष्या काढायला लागली, आणि आमच्या घरात हसण्याचा आवाज वाढला. वय त्रेचाळीस, दिसायला देखणी. पण संध्याकाळी गच्चीवर एकटीच बसून राहायची, ते मला बघवत नसे.

मागच्या वर्षी ती आपली आपणच जोडीदार शोधायच्या एका अ‍ॅपवर गेली. तिथे तिला जहाजाचा कप्तान भेटला. काही महिने तो तिच्याशी गोड गोड बोलला. मग एके दिवशी माझे यजमान किरीट यांनी बनियनांचा नवा खोका आणला, तर खोक्यावर कप्तान! कमरेवर हात ठेवून, नुसत्या बनियनवर उभा.

"जहाज कुठंय याचं?" किरीट म्हणाले. मला हसू आवरेना. रसीला मात्र उठून आत गेली आणि त्या रात्री जेवली नाही.

त्यानंतर मी फार मागे लागल्यावर ती एवढंच म्हणाली, "भाभी, अजून एकदा बघते. तेही तुम्ही म्हणता म्हणून. पण या वेळी फसले, तर पुन्हा माझ्यापाशी हा विषय काढायचा नाही. मला सहन होणार नाही."

तिचा तो चेहरा बघून मी शब्द दिला आणि मनाशी ठरवलं, की आधी अ‍ॅप पारखायचं, मग माणूस. मी साधा तवा घेतानाही चार वेळा वाजवून बघते, आणि इथे तर रसीलाचा जीव पणाला लागणार होता.

पहिलं अ‍ॅप उघडल्या उघडल्या म्हणालं, तुमच्या फोनमधले सगळे नंबर द्या, सगळे फोटो द्या. "उंबऱ्यातच कपाटाच्या किल्ल्या मागतोय मेला," मी म्हटलं आणि त्याला काढून टाकलं.

दुसरं मात्र फारच देखणं निघालं. सोनेरी अक्षरं, आणि प्रत्येक नावापुढे 'पडताळलेले सभ्य गृहस्थ' असा शिक्का. तासाभरात राजकोटच्याच सात गृहस्थांचे निरोप आले. त्यातला देवांग म्हणून एक होता, कालावड रोडवर राहणारा. तो असं काही लिहायचा की रसीला भाकरी थापता थापता गुणगुणायला लागली.

तिसरं अ‍ॅप अगदीच रुक्ष. त्याने रसीलाला फोनसमोर मान डावीकडे वळवायला लावली, उजवीकडे वळवायला लावली. वर तिचा आवडता फोटो परत पाठवला, कारण लग्नातल्या त्या फोटोत तिच्यासोबत आणखी तिघी होत्या. दुसरा फोटो दिला, तर म्हणे थांबा, तपासतोय.

"लग्न जुळवायचंय की पासपोर्ट काढायचाय?" रसीला वैतागली. मीही म्हटलं, याच्यापेक्षा सोनेरी बरं. शेवटी तिसऱ्याने एकच माणूस दाखवला. चेतन रच्छ, वय सत्तेचाळीस, सायकलींचं दुकान, पत्नी वारलेली. फोटोत तो जरा घाबरल्यासारखाच दिसत होता. रसीलाने 'नमस्ते, आपण काय करता?' एवढंच लिहिलं, आणि आम्ही जेवायला बसलो.

त्या दिवशी सकाळी मी गाठिया जरा जास्तच खाल्ल्या होत्या. त्यामुळे जेवणानंतर सगळं घर आडवं झालं तरी माझी छाती जळजळत होती. पाणी प्यायला उठले. किरीट घोरत होते, रसीला पंख्याखाली गाढ झोपली होती. रस्त्यावर पानवाल्याची टपरीसुद्धा बंद. आणि फळीवर ठेवलेला रसीलाचा फोन टिंग टिंग, टिंग टिंग करत होता. सोनेरी अ‍ॅपचे साती सभ्य गृहस्थ एकामागून एक बोलत होते.

मी घड्याळाकडे बघितलं. अडीच.

ग्लास माझ्या हातातच राहिला. अडीच वाजता राजकोटचा माणूस? या वेळी इथे सोनार गिऱ्हाईक सोडून झोपतो, गिऱ्हाईक त्याच्या आधी झोपलेलं असतं. आणि हे सात जण, दुकानं असलेले, घरं असलेले, टक्क जागे?

क्षणभर वाटलं, हिला काही सांगूच नये. किती दिवसांनी गुणगुणत होती बिचारी. पण मग तो बनियनचा खोका आठवला आणि मी तिला हलवून उठवलं.

"भाभी, आग लागलीय का?" ती डोळे चोळत म्हणाली.

"लागेल. आधी या सातांना विचार, दुपारी झोपला नाहीत का?"

तिने विचारलं. देवांगचं उत्तर पहिलं आलं. 'तुझ्या आठवणीत झोप कुठली, प्रिये?' दुसऱ्याचं आलं. 'तुझ्या आठवणीत झोप कुठली, प्रिये?' तिसऱ्याचंही तेच, प्रियेसकट. चौथं येईपर्यंत आम्ही दोघी पोट धरून हसत होतो. किरीट कूस बदलून ओरडले, "बायांनो, माणसाला झोपू द्या!"

"हा बघ, हा राजकोटचा," मी म्हटलं.

रसीला हसता हसता थांबली. डोळे भरले होते तिचे. फोन तिने माझ्या मांडीवर टाकला. "काढून टाका सगळं. बास झालं, भाभी. शब्द दिलाय तुम्ही."

मी सोनेरी अ‍ॅप पुसलं. तिसऱ्यावर बोट नेलं, पण दाबवेना. "चहा पिऊन काढते," म्हणून मी टाळाटाळ केली.

चहा उकळत होता तेव्हा फोन एकदाच वाजला. तिसऱ्या अ‍ॅपवर चेतनभाईंनी लिहिलं होतं, 'माफ करा, जेवून झोपलो होतो, आत्ता उठलो. सायकली विकतो. तुमचीही झोप झाली असेल, म्हणून आता लिहितोय.'

रसीलाने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उत्तर लिहायला बसली.

पुढच्या रविवारी रेसकोर्सच्या बागेत, भर गर्दीत भेटायचं ठरलं. ते दोघं एका बाकावर बसले आणि जरा लांब मी नि किरीट. मी मान उंच करकरून बघत होते. शेजारच्या बाकावर एक बाई वर्तमानपत्र उलटं धरून तेच करत होती. थोड्या वेळाने आमची नजरानजर झाली.

"तुम्ही मुलीकडच्या?" तिने विचारलं. ती चेतनभाईंची मोठी बहीण निघाली. "खरं सांगू बेन, आमच्या भावाला आम्ही बजावलं होतं, एवढी देखणी बाई त्या फोनमध्ये खरी असूच शकत नाही. म्हणून पाळतीवर आले."

"दुपारी झोपतो ना तुमचा भाऊ? रोज?"

"अहो, लग्नाच्या दिवशीसुद्धा झोपला होता!"

माझा जीव भांड्यात पडला. आम्ही दोघींनी मिळून तिच्या पिशवीतला चिवडा संपवला. तिकडे बाकावर रसीला काहीतरी सांगत होती आणि तो माणूस मध्ये न बोलता ऐकत होता. मग तो काहीतरी बोलला आणि ती मान खाली घालून हसली.

घरी परतताना मला धीर निघेना. या खेपेला तिला आलेला प्रत्येक निरोप मी वाचलेला, तिचं प्रत्येक उत्तर मला विचारून गेलेलं.

"काय म्हणाला गं?"

"चांगले आहेत."

"ते दिसलंच. पण बोलला काय? तू काय सांगत होतीस एवढं?"

रसीलाने माझा हात धरला. "भाभी, रागावू नका हं," ती म्हणाली. "ते आमच्या दोघांतच राहू दे."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? घरी आल्यावर ती गच्चीवर गेली, आणि वरून तिच्या फोनवर बोलण्याचा आवाज यायला लागला. मी भांडी जरा जोरातच आपटली.

"काय झालं?" किरीटनी विचारलं.

"तुमच्या बहिणीने मला एक अक्षर सांगितलं नाही. या इलाला! एक अक्षर!"

किरीटनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि हळूच खाली ठेवलं.

"मग जमलं म्हण," ते म्हणाले.