तुटलेलं वल्हं

युक्तेमोन पिरेयस बंदरावर तीस वर्षं वल्ही घडवत होता. त्या दिवशी चिठ्ठीत नाव निघालं आणि तो अथेन्सच्या न्यायालयात पाचशे माणसांबरोबर निवाडा करायला बाकावर येऊन बसला.

खटला वल्ह्याचाच होता. कवायतीत एका युद्धनौकेचं वल्हं मोडलं, दांडा वल्हेकऱ्याच्या छातीत बसला, तो समुद्रात पडला आणि गेला. नौकेचा कप्तान म्हणत होता, की आरोपी व्यापारी खारियासने सडकी वल्ही पुरवली. खारियास म्हणत होता, "मी दिली तेव्हा ठणठणीत होती. यांनीच ती ओल्यात टाकून सडवली!"

मोडकं वल्हं मधोमध चौथऱ्यावर ठेवलं होतं. युक्तेमोन पुढच्याच बाकावर होता. मोडलेल्या तोंडाला लांब, पांढरे धागे सुटले होते. सडकं लाकूड असं तुटत नाही, ते विटकरीसारखं पटकन दुभंगतं. हे वल्हं नक्की कशावर तरी आदळलं होतं.

तो शेजारच्या फैदिमोसच्या कानाशी लागला. "अहो, लाकूड चांगलं आहे. दोघंही भलतंच सांगताहेत."

"मग?" फैदिमोस म्हातारा होता, दर वर्षी बाकावर येणारा. "तुला साक्षीला बोलावलंय का?"

"पण मला दिसतंय ना."

"तुला दिसतंय ते तुझ्या दुकानात. इथे दोन्ही बाजू ऐकून मत टाकायचं. शपथ घेतलीस ना? मग गप बस, बोलायची वेळ मोजणाऱ्या घड्याळातलं पाणी संपत आलंय."

शपथ आठवून युक्तेमोन आणखीच गोंधळला. ऐकलेलं धरावं, तर दोघांच्याही मते वल्हं सडकंच. पाहिलेलं धरावं, तर कोणीच न मांडलेली बाजू आपण मनातल्या मनात मांडतोय. असा न्याय करायचा आपल्याला अधिकार आहे का? आणि लाकूड चांगलं होतं हे माहीत असून खारियासला दोषी ठरवलं, तर?

मतदानाला, मधोमध छोटा दांडा असलेल्या काशाच्या दोन चकत्या मिळाल्या. पोकळ दांड्याची दोषी, भरीव दांड्याची निर्दोष. कोणती कुठली ते कुणाला दिसू नये म्हणून दांड्यांची टोकं बोटांत दाबून तो मतांच्या रांजणापाशी पोचला. मागच्या माणसाने "चला की!" म्हटलं, आणि त्याने भरीव चकती सोडली.

खारियास तीन मतांनी सुटला.

गर्दी पांगल्यावर युक्तेमोन चौथऱ्याकडे गेला. नोकर वल्हं उचलत होते. "जरा थांबा रे," म्हणत त्याने ते उलटं केलं. खालच्या बाजूला तपकिरी पट्टा होता. बोट दाबलं तर नख आत रुतलं. मघाशी बाकावरून हे दिसलंच नव्हतं. एवढ्याशा सडण्याने वल्हं मोडतं का? मोडतंही. नाहीही. तीस वर्षं हेच करून त्याला सांगता येईना.

"तुम्ही वल्ही बनवता म्हणे," मागून आवाज आला. मोस्खिओन, मेलेल्या पोराचा बाप. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, फक्त थकवा होता. "मला त्यांचं भांडण नकोय. एवढंच सांगा, सडलं होतं का?"

"थोडं. खालून."

"मग तो खारियास सुटला कसा?"

युक्तेमोनने वल्ह्यावरचा हात काढला. "मीही सोडलं, बाबा. मला वरची बाजू दिसली होती."

मोस्खिओन रागावेल असं त्याला वाटलं. म्हाताऱ्याने फक्त वल्ह्याला हात लावला आणि तपकिरी पट्टा बोटाने चाचपला. "घरी पोराच्या आईने विचारलं, तर काय सांगू?" तो म्हणाला. "तिला एकच उत्तर हवंय."

युक्तेमोनने वल्हं नोकरांच्या हाती दिलं. "मी येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. "जे दिसलं ते सगळं सांगतो, मग त्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत."

दोघं चालू लागले. वरचे पांढरे धागे पाहून वल्हं कशावर तरी आदळलंय असं वाटलं होतं, हे युक्तेमोनने सांगितलं. वाटेत मोस्खिओनने विचारलं, "कशावर आदळलं असेल हो?" आणि युक्तेमोन पुन्हा अडखळत सांगू लागला.