तीन मिनिटांची घंटा

मास्तरीण म्हणून तीस वर्षं घंटेच्या तालावर नाचले, म्हणून आमच्या वसाहतीतल्या निवडणुकीच्या सभेत वेळ मोजायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. प्रत्येक उमेदवाराला तीन मिनिटं आणि विषय एकच, नळाला पाणी का येत नाही.

पहिले साहेब उठले. त्यांनी अध्यक्षांना वंदन केलं, ज्येष्ठांचे आशीर्वाद मागितले, माता-भगिनींपुढे नतमस्तक झाले, 'माझे सन्माननीय प्रतिस्पर्धी' म्हणत दुसऱ्याचे गोडवे गायले. मग घसा खाकरून म्हणाले, "आता पाण्याविषयी..." मी घंटा वाजवली. दुसऱ्याने पहिल्याच्या नम्रतेचे आभार मानण्यातच तीन मिनिटं घालवली. लोणी लावायलाही काही मर्यादा असते! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे दोघे घंटेचीच वाट बघत होते. अभ्यास न केलेली पोरं वर्गात अशीच घड्याळाकडे बघायची.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरची शिवणकामवाली वहिनी उठली. "पाणी कधी येणार, तेवढं सांगा."

"ताई, फार मोलाचा प्रश्न विचारलात. मी आपला अत्यंत ऋणी आहे," पहिले साहेब हात जोडून म्हणाले, आणि त्यांनी हळूच माझ्या घंटेकडे बघितलं.

मी घंटा पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. "बोला, साहेब. आता वेळच वेळ आहे."

साहेबांनी आम्ही खास त्यांच्यासाठी आणलेली पाण्याची बाटली उघडली आणि घटाघटा संपवली.