खोट्या फुप्फुसाची खरी साक्ष

मी एक रबरी पिशवी बोलतेय. कानडी मुलखात, येलहंकाच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागातल्या कपाटात राहते. इथं मला खोटं फुप्फुस म्हणतात. व्हेंटिलेटर जोडला की मी फुगते, बसते. सिलिंडरमधून माझ्यात मोजून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. श्वासातला वायू मोजणाऱ्या मशीननं तेवढाच दाखवला, तर मशीन खरं.

माझा जन्म पुण्याजवळच्या कारखान्यातला. इथं आले तेव्हा माझं कोण कौतुक! पुढे सगळे मला विसरले. मशीन नवं असेपर्यंतच माणसांना ते तपासावंसं वाटतं.

मग समोरच्या खाटेवर चंद्राबाई आल्या. चिकपेटेच्या बाजारात साड्यांचं दुकान चालवणारी खमकी बाई, न्यूमोनियानं आडवी होऊन व्हेंटिलेटरवर. त्याच मशीननं त्यांच्या श्वासातले वायू मोजून पोटातल्या नळीतून किती अन्न द्यायचं ते ठरत होतं. वायू कमी, म्हणजे अन्नाची गरज कमी; मशीन म्हणे, थोडंच पुरे. न्यूमोनिया ओसरला, पण व्हेंटिलेटर काही सुटेना. अंगात ताकदच नव्हती.

"डॉक्टर, अम्मा वाळत चाललीय," मुलगी भाग्यलक्ष्मी म्हणाली. "स्वल्प, थोडं जास्त द्या की."

"मशीनच्या हिशेबानं एवढंच लागतंय," डॉक्टर शाल्मली म्हणाल्या. पण त्यांनी चंद्राबाईंचा दंड हातात घेतला, तर नुसतं हाड लागलं. मग तंत्रज्ञाला हाक मारली, "रणजीत, आपण मशीनच चेक करू या."

धूळ झटकून मला त्या मशीनसकट शेजारच्या खोलीत नेलं, दुसरा व्हेंटिलेटर जोडला. किती दिवसांनी छाती भरून आली! माझ्यात सोडला त्याच्या निम्माच वायू मशीननं दाखवला.

"मॅडम, मशीनच्या नळीला चीर आहे. बाहेरची हवा आत येतीय," रणजीत म्हणाला.

"आणि मी त्या आकड्यावर तिला उपाशी ठेवलं," शाल्मली पुटपुटल्या. बाहेर जाऊन त्यांनी भाग्यलक्ष्मीला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती रागावली, रडली, मग म्हणाली, "सरी, ठीक आहे. आता पोटभर द्या."

नळी बदलली, अन्न वाढलं. हळूहळू चंद्राबाई स्वतः श्वास घेऊ लागल्या. घशातली नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात त्यांनी पहिलं विचारलं, "दुकान कोण बघतंय गं?" सगळा वॉर्ड हसला.

आता मला नेमानं बाहेर काढतात. रबर जरा सैल पडलंय, पण मी मजेत आहे. एवढंच मागते, आजारी माणसाच्या आधी मशीन मला लावा. ते चुकणारच असेल, तर माझ्यावर चुकू दे. मला भूक लागत नाही.