दोघींचं घर

"तोंड उघडा," नर्सबाई म्हणाली.

सुनेने तोंड उघडलं. जिभेवर काही नव्हतं.

"गिळल्या तिन्ही?"

सुनेने मान हलवली.

"मानेनं नको, तोंडानं सांगा."

"हं," सून म्हणाली.

दाराशी शर्टाला काजं करत बसलेली आक्का मध्येच बोलली, "सकाळी सकाळी ती कुणाशी बोलत नाही, बाई. माझ्याशीसुद्धा नाही. तेवढंच माझं नशीब चांगलं."

नर्सबाई हसली. वहीत सुनेच्या नावापुढे खूण करून ती पुढच्या घराकडे वळली. ती कोपऱ्याआड गेल्यावर सून उठली, फळ्यांच्या आडोशामागे गेली आणि गालात धरलेल्या तीन गोळ्या तिने नवऱ्याच्या तळहातावर काढल्या. त्या निम्म्या विरघळल्या होत्या. तळहात तांबडा झाला. नवऱ्याने डोळे मिटले आणि पाण्याबरोबर त्या गिळल्या.

तीन आठवडे हे असंच चाललं होतं.

युक्ती आक्काची होती. मुलाला दोन महिने खोकला होता, अंगावरचं मांस उतरलं होतं, संध्याकाळी ताप चढत होता. दवाखान्यात तपासणीला थुंकीची डबी द्यायची, तर डबीवर नाव लिहावं लागतं. आक्काने डबी सुनेच्या हातात दिली आणि सांगितलं, "नाव तुझं सांग." डबीत थुंकी नवऱ्याची आणि वर नाव बायकोचं. तपासणीत क्षय निघाला, तो सुनेच्या नावावर. आणि गोळ्या रोज घरी येऊन, डोळ्यांदेखत गिळायला लावायच्या असा दवाखान्याचा नियम होता.

असली युक्ती दुसऱ्या कुठल्या वस्तीत कुणाला सुचली नसती. इथे ती सुचली, कारण या गल्लीत वही घेऊन आलेल्या माणसाला घरातल्या तरण्या पुरुषाचं नाव सांगायचं नाही, हा नियम चाळीस वर्षांचा होता. माणसं मोजायला कुणीही आलं तरी गल्ली आक्काला पुढे करायची. "घरात माणसं किती?" या प्रश्नाचं आक्काचं उत्तर ठरलेलं असे, "आम्ही दोघीच. सासू आणि सून. मुलगा बाहेरगावी असतो." सगळ्या गल्लीचे नवरे बाहेरगावी असत. तरुण पुरुष त्या वहीत औषधालाही सापडत नसे, आणि तरी दर वर्षी दोन-तीन घरांत बाळंतपणं होत. समोरची शेजारीण म्हणायची, "आक्का, आमच्या माणसाला वहीत घेऊ नका तेच बरं. घरात असून काही उपयोग नाही, तर वहीत असून काय दिवे लावणार!"

हसणं चालायचं, पण नियम मोडत नसे. ज्याचं नाव कुठेच नाही त्याला धड काम मिळत नाही. कारखान्याच्या दारात आधी नाव विचारतात. म्हणून आक्काचा मुलगा दगडाची भुकटी करणाऱ्या शेडमध्ये कामाला जाई. तिथे नाव विचारत नसत. आणि जिथे नाव विचारत नाहीत, तिथे नाकावर बांधायला फडकंही देत नाहीत. एके काळी या गल्लीत सुतारांची अकरा दुकानं होती. खिडक्या, दारं, शाळांची बाकं इथून जात. आता दुकानांच्या जागी खोल्या होत्या आणि रस्त्याकडच्या खिडक्या विटा लावून बुजवलेल्या होत्या. त्याही चाळीस वर्षांपूर्वी, तो नियम झाला त्याच वर्षी बुजवल्या होत्या. उजेड आणि वारा दारातून येईल तेवढाच. त्या दारात बसूनच आक्का काजं करायची.

नर्सबाई नवी होती, पण डोळस होती. ज्या बाईला क्षय झाला आहे, ती नळावरून दोन भरलेल्या बादल्या घेऊन झपाझप चालते, हे तिने पाहिलं होतं. वजन केलं तर काटा पहिल्या वजनावरून हलला नव्हता. शिवाय तिच्या ओठांच्या कोपऱ्यात रोज तांबडा डाग.

एके दिवशी सुनेने गोळ्या तोंडात घातल्यावर नर्सबाई लगेच निघाली नाही. उंबऱ्यावर ऐसपैस बसली.

"काल गंमत झाली," ती म्हणाली. "एक आजोबा आले. म्हणाले, बाई, तुमच्या गोळ्यांनी खोकला गेला, पण घरात भांडण लागलं. मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, इतके दिवस खोकल्याच्या आवाजात म्हातारीचं घोरणं ऐकू येत नव्हतं. आता येतं. आणि मी तिला सांगितलं!"

सुनेने ओठ घट्ट दाबले. पण हसू आवरेना. खांदे हलले, घसा हलला आणि गोळ्या पोटात गेल्या.

तिचं हसणं तिथेच थांबलं. हात गळ्याकडे गेला आणि नजर आडोशाकडे. त्याच वेळी फळ्यांमागून उशीत दाबलेला खोकला ऐकू आला.

"शेजारचं आहे," आक्का म्हणाली. "भिंत पातळ आहे."

नर्सबाईने आडोशाकडे पाहिलं, मग आक्काकडे. "मी आत जाणार नाही," ती म्हणाली. "विचारणारही नाही कोण आहे ते. फक्त एक ऐका. निम्मी विरघळलेली गोळी म्हणजे निम्मा मार. निम्मा मार खाल्लेला रोग मरत नाही, आक्का, शहाणा होतो. मग पूर्ण गोळीलाही दाद देत नाही. आणि हिला रोग नसताना हिनं कशाला गिळायच्या? उद्या मी हिला गोळ्या देणार नाही. ज्याला रोग आहे त्याचं वजन करून, त्याच्या नावानं देईन. नाव नसेल तर मला देताच येत नाहीत."

"मुलगा बाहेरगावी असतो," आक्का म्हणाली.

"उद्या येते," नर्सबाई म्हणाली आणि गेली.

आडोशामागून मुलगा बाहेर आला. भिंतीला टेकून बसला. सून पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर निघून गेली.

"आई, सांगून टाक."

"नाही."

"कोण येणार आहे आता? चाळीस वर्षं झाली. ते लोकही म्हातारे झाले असतील. त्यांनाच कुणीतरी हाताला धरून नेत असेल."

"वही म्हातारी होत नाही."

"मामाला नेलं, माहीत आहे मला. गल्लीतल्या अकरा जणांना नेलं, दोघं परत आले. लहानपणापासून ऐकतोय. म्हणून मी आयुष्यभर बाहेरगावी?"

आक्काने सुई कापडात खोचली. शर्ट घडी करून बाजूला ठेवला. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

"त्यांना नेलं त्याच्या आधी बारा दिवस एक मुलगा आला होता वही घेऊन," ती म्हणाली. "चांगला होता दिसायला. बोलायला गोड. म्हणाला, धान्य वाटायचंय, घरोघरची माणसं लिहायचीत. गल्लीत शिकलेली मी एकटी. एकोणीस वर्षांची. मला किती मोठेपणा वाटला! त्याला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. प्रत्येक घरातलं कोण, वय काय, कामाला कुठे जातो, रात्री झोपायला कुठे असतो, सगळं सांगितलं. तो एका ठिकाणी चुकला, तर मी दुरुस्त करून दिलं."

आक्काने घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडला.

"बाराव्या दिवशी ते आले, बंदुका घेऊन. चौकात उभं राहून नावं वाचली. माझ्याच क्रमानं, रे. आधी कोपऱ्यावरचं घर, मग त्याच्या शेजारचं. मी जसं सांगितलं होतं तसं. दादाला, तुझ्या मामाला, घरात आम्ही ज्या नावानं हाक मारायचो, तेसुद्धा वाचलं. ते बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हतं. दादानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं."

मुलाला खोकला आला. या वेळी त्याने तोंड दाबलं नाही. खोकला थांबला तेव्हा फडक्यावर लाल होतं. गोळीचा तांबडेपणा नव्हे, रक्त होतं.

"मामाला त्यांनी नेलं," तो धापा टाकत म्हणाला. "मला तू लपवलंस. घरात दोघंही नाहीत, आई."

आक्काने फडकं त्याच्या हातातून घेतलं आणि धुवायला बसली. डाग निघून गेल्यावरही ती ते चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आली, तेव्हा आक्का दारात उभी होती. गल्लीतल्या बायकांना कसा कोण जाणे सुगावा लागला होता. कुणी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, कुणी झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत होती.

"बोला आक्का," नर्सबाईने वही उघडली. "घरात माणसं किती?"

आक्काने पदर सावरला. नर्सबाईने घाई केली नाही.

"तिघं," आक्का म्हणाली.

झाडूचा आवाज थांबला.

"तिसऱ्याचं नाव?"

"ते मी नाही सांगणार," आक्का म्हणाली. "माझ्या तोंडून कुणाचं नाव जाणार नाही. एकदा गेलं तेवढं पुरे." मग ती आत वळली. "बाहेर ये. तुला सांगावंसं वाटत असेल तर तूच सांग. नसेल तर बाई परत जातील, मी तुला बोल लावणार नाही."

तो भिंतीचा आधार घेत दारात आला. उन्हाने त्याचे डोळे बारीक झाले. त्याने आपलं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आडनाव. वय बत्तीस. नर्सबाईने लिहून घेतलं आणि वही त्याच्याकडे फिरवली. त्याने बोट ठेवून वाचलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

वजन भरलं अडतीस किलो. नर्सबाईचा चेहरा बदलला, पण बोलताना तिने आवाज सरळ ठेवला. थुंकी पुन्हा तपासायची होती, छातीचा फोटो काढायचा होता. एक फुप्फुस बहुधा कामातून गेलं आहे, ते परत यायचं नाही, दुसरं वाचवायचं. ती निघाली तेव्हा समोरची शेजारीण झाडू हातात घेऊनच पुढे आली.

"बाई, जरा आमच्याकडे पण चला. आमचा माणूस कालच आलाय बाहेरगावाहून." आणि मग हळू आवाजात, "खोकतोय."

औषध लांबलं. आधीच्या निम्म्या गोळ्यांनी घोळ केला होता, म्हणून सहाचे नऊ महिने झाले. पुन्हा शेडमध्ये जाणं त्याला कधीच जमणार नव्हतं. तो रोज सकाळी पायरीवर उन्हात बसे. नर्सबाई गोळ्या हातावर ठेवी, तो एकेक करून गिळे, मग तोंड उघडून दाखवी.

तेवढा वेळ आक्का हातातलं काम टाकून उठायची आणि त्याच्या पुढे जाऊन उभी राहायची. पाठ त्याच्याकडे आणि तोंड रस्त्याकडे. शेवटची गोळी घशाखाली उतरली, हे नर्सबाई मोठ्याने सांगायची. मगच ती बाजूला व्हायची.