वाकलेला चिमटा

भडक्यानं बायकोची सायकल उचलली आणि गोठ्याच्या भिंतीवर आपटली. दुधाची किटली उडाली, म्हशी बुजल्या. तरी पठ्ठ्याचा राग उतरेना. पहार घेऊन त्यानं पुढच्या चाकावर घाव घातले. कारण काय, तर दूध घालताना ही बया लोकांशी हसून बोलते!

फुटलेला ओठ पुसत ती सायकल ओढत सायकलच्या मिस्त्रीकडे आली. मागोमाग सासू. आम्ही तिथंच बसलो होतो.

मिस्त्रीनं सायकल उलटी केली. "वहिनी, चाकाचं बघतो. पण चाक धरणारा हा पुढचा चिमटा पार वाकलाय. नवाच घाला."

"ठोकून सरळ नाही व्हायचा?" तिनं विचारलं.

"होईल की. पण हे बघा, मुळाशी चीर गेलीय. उतारावर दगा देईल."

तेवढ्यात भडक्या आलाच. "नवा कशाला? ठोक!"

"दादा, जिवाशी खेळ आहे..."

पुढचं बोलायच्या आत मिस्त्रीच्या कानाखाली बसली. सासू मध्ये पडली, तर तिलाही ढकललं. म्हातारी चिखलात बसली.

"मेल्या, आईवर हात टाकतोस?" ती तिथूनच किंचाळली.

बायकोनं जमिनीवरचा पाना उचलला. "आता पुढं ये. डोकं फोडीन."

भडक्या थबकला. चारचौघांत नाक कापलं गेलं. मग त्यानं हातोडा हिसकावला, चिमटा दणादण ठोकून सरळ केला, चाकही ठोकून बसवलं आणि टांग टाकली. "बघा रे, काय होतंय ते!"

ओढ्याच्या उतारावर चिमटा कटकन तुटला. भडक्या तोंडानं पुलाच्या कठड्यावर आपटला. आम्ही पोचलो तेव्हा जबडा लोंबत होता, दात मातीत. बायकोनं जखमेवर फडकं दाबलं, तर तशातही त्यानं तिला लाथ घातली. तिनं फडकं सोडलं नाही. आम्ही त्याला हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं.

जबडा तारांनी बांधून तो घरी आला, तोवर सायकलला नवा चिमटा बसला होता. सकाळी तिनं त्याच्यापुढं पेजेची वाटी ठेवली आणि किटल्या अडकवल्या. जाऊ नको, असं तो हातानं खुणावू लागला. ती निघाली, तशी त्यानं वाटी भिरकावली. वाटी दारावर आपटून पेज सांडली.

तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आतून म्हातारी ओरडली, "बस आता उपाशी. दुसरी वाटी मिळायची नाही."