मैनेवरची मांड

"डोळे मिटू नको! डोळे मिटलेस की घोडी उधळलीच म्हणून समज!"

पल्लवी रिंगणाच्या मधून ओरडली, तेव्हा सुशीलाचे डोळे घट्ट मिटलेलेच होते. लगाम सोडून तिनं दोन्ही मुठींत मैनेची आयाळ धरली होती. घोडी नुसती एकदा बुजली, आणि पंचेचाळिशी ओलांडलेली ती बाई लिदीच्या ढिगाशेजारी उताणी पडली. कुंपणापलीकडून चाललेल्या मासळीवाल्या टोपल्या सावरत पोट धरून हसल्या.

गोव्यात चोपड्याला नदीकाठी घोडेस्वारी शिकवायची एक जागा होती. तिथं सुशीला तबेला झाडायची, पाणी भरायची. पल्लवी, पणजीची पोर, तिथं शिकवायची. मैनेनं दोन शिकाऊ माणसं पाडली आणि तिच्यावर बसायला कोणी धजेना. मालक सुदेशबाब एक दिवस म्हणाले, "बसणारो नाय तर घोडी कित्या पोसू? हिका काढून टाकतलंय."

"खंय, बाब?"

"घेणारो नेतलो थंय. बसणारो मिळालो तर ऱ्हवात."

 घरी सुशीलाची वाट पाहणारं कोणी नव्हतं. पोर लग्न होऊन पुण्याला गेली होती, आणि नवरा नारायण डिचोलीच्या खाणी बंद पडून त्याचा ट्रक थांबल्यापासून घरापुढच्या बल्कांवात, ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असायचा. सकाळी तिच्या पावलांची चाहूल लागताच मान वळवून फुरफुरणारी एकटी मैनाच होती. दुपारीच सुशीला पल्लवीकडं गेली. "माका शिकय."

"साडी नेसून?"

"घोवाची पँट आसा."

त्या पँटीत तिला पाहून नारायण म्हणाला, "घोड्यार बसान काय कलेक्टर होतलंस?" मग बऱ्याच वेळानं, रस्त्याकडे बघतच, "पडशीत. संभाळ."

ती पडलीच. मांड्या सोलून निघाल्या, खांदा काळानिळा झाला. रात्री कूस बदलताना ती ओठ चावायची आणि सकाळी पुन्हा रिकिबीत पाय घालायची. पल्लवी सांगायची, "पाठ ताठ. हात मऊ. तू भ्यालीस की तीही भिते." भीती काही गेली नाही, फक्त अंगवळणी पडली. एका सकाळी मात्र मैना कान टवकारून, शहाण्यासारखी दुडक्या चालीनं रिंगण फिरली, आणि सुशीलाची मांड हलली नाही. चिऱ्यांच्या गडग्यापलीकडं नदी दिसली, पलीकडच्या काठावरचे माड दिसले. जन्मभर डोईवर ओझं घेऊन ज्या गावातून ती चालली होती, त्याची कौलं तिनं पहिल्यांदाच वरून पाहिली. ती मोठ्यानं हसली. सुदेशबाबांनी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला.

तोच व्हिडिओ पाचगणीच्या एका घोडेवाल्यानं पाहिला. पर्यटकांना फिरवायला त्याला गरीब जनावर हवं होतं. अशी नवखी बाई जिच्यावर बसते ती घोडी कोणालाही चालेल, असं त्यानं फोनवरच ठरवून टाकलं.

"बाब, तुमी म्हटलां, बसणारो मिळालो तर ती ऱ्हवात."

"म्हटलां, गे." सुदेशबाब चपलेनं माती उकरत राहिले. "तेव्हा तिका घेणारो नाय होतो."

सुशीला तबेल्याकडं वळली. आपण शिकलो नसतो तर? तो विचार तिनं पुरा केलाच नाही. पुरा केला असता तर उभं राहता आलं नसतं.

वाट अरुंद म्हणून ट्रक हमरस्त्यावरच थांबला. घोडेवाल्याची दोन माणसं मैनेला न्यायला आली, पण ती मागच्या पायांवर उभी राहिली. एकानं काठी उचलली.

"मारू नकात," सुशीला म्हणाली. "मी घेवन येतंय तिका."

ती मैनेवर बसली. रिंगणाबाहेर पडायची तिची ही पहिलीच वेळ. पल्लवी मागून चालत होती, पण आज तिनं काहीच शिकवलं नाही. वाटेत माणसं अंगणात येऊन उभी राहिली. सुशीलाची पाठ ताठ होती, हात मऊ होते, आणि मैना एकदाही बुजली नाही.

ट्रकपाशी ती उतरली, लगाम धरून फळीवरून वर चढली. मैना तिच्या मागोमाग निमूट आत आली. दोर बांधताना घोडीनं तिच्या खांद्यावर तोंड टेकलं. सुशीलानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"मावशी, उतरा आता. घाट चढायचाय," ड्रायव्हर म्हणाला.

ट्रक वळणाआड गेला. "येऊ गे घरापर्यंत?" पल्लवीनं विचारलं. सुशीलानं नकाराची मान हलवली आणि एकटीच चालू लागली. रस्त्याच्या अगदी डाव्या कडेनं, उजव्या अंगाला एक घोडी मावेल एवढी जागा सोडून ती चालत होती. पाठीमागून आलेली एक स्कूटर हॉर्न न वाजवता त्या जागेतून पुढं निघून गेली.