पाच अंश वजा

रोज सकाळी सात वाजता एर्मेलिंदा चुंगा धक्क्याच्या टोकाला जायची, दोरीची बादली समुद्रात सोडायची, भरून वर ओढायची आणि तिच्यात तापमापक बुडवून तीन मिनिटं गप्प उभी राहायची. काम खरं तर नवऱ्याचं. तेओदोमिरो गेला तेव्हा समुद्राची नोंद ठेवणाऱ्या लिमाच्या सरकारी ऑफिसनं दुसरा माणूस धाडला नाही, आणि बादली तर घरातच होती. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पुएर्तो रोकेसमधली माणसं एकमेकांची खुशाली विचारायच्या आधी तिला विचारत, "आज पाणी कसं?"

"सतरा," ती म्हणायची. "पाय घालू नका, पडसं होईल."

पाण्याची खोड तिला तेओदोमिरोनंच समजावली होती. दक्षिणेचा वारा किनाऱ्यावरचं पाणी सारखं पश्चिमेकडं ढकलत असतो, म्हणून खालचं गार पाणी वर येतं आणि त्याच्याबरोबर मासळी. कधीतरी वारा ढिला पडतो. मग तिकडं साठलेलं ऊन पाणी इकडं परत फिरतं, आणि पाणी तापलं की वारा आणखीच ढिला पडतो. "नवरा-बायकोसारखं आहे बघ," तो म्हणायचा. "एकाचं बिनसलं की दुसऱ्याचं बिनसतं. आणि ढग येऊन फुटतात ते आपल्या डोक्यावर."

ब्याऐंशी सालच्या सप्टेंबरात बादलीतलं पाणी बावीस निघालं. तिनं दुसरी बादली काढली. बावीसच. तिनं तसं लिहिलं आणि महिन्याचा तक्ता लिमाला पाठवून दिला.

ऑक्टोबरात पत्र आलं. टाइप केलेलं, खाली शिक्का. या मोसमात एवढं तापमान असू शकत नाही, तुमचा तापमापक बिघडलेला दिसतो, तुमचे आकडे तक्त्यातून काढले आहेत. नवा येईपर्यंत प्रत्येक आकड्यातून पाच अंश वजा करून लिहावे.

एकोणीस वर्षांत ऑफिसनं तिला लिहिलेलं हे पहिलं पत्र. चौथी शिकलेली एक विधवा सरकारी बादली सांभाळते, हे कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येईल आणि काम जाईल, या धास्तीत तिनं इतकी वर्षं काढली होती. पत्रात तर तिला 'आदरणीय श्रीमती' म्हटलं होतं. तिनं ते घडी करून मेरीच्या तसबिरीमागं ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाच वजा करायला लागली. बावीसचे सतरा. तेवीसचे अठरा. आकडे पुन्हा शहाण्यासारखे दिसू लागले आणि तिला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

शेजारचा म्हातारा कासिमिरो रिकामी होडी घेऊन परतायचा. बाजारात उपाशी पेलिकन माणसांच्या पायात घुटमळायचे आणि तिथंच मरून पडायचे.

"वहिनी, तुमच्या कागदावर समुद्र गार आहे ना?" तो म्हणाला. "मग मासे कुठं गेले? कागद वाचायला?"

"तुला जाळं टाकता येत नाही, त्याला समुद्र काय करणार?" ती म्हणाली. पण दोरी ओढताना हात भिजायचा, आणि हाताला ते पाणी ऊन लागायचं. रोज लागायचं. तिनं हात झग्याला पुसला आणि शिक्क्यावर विश्वास ठेवला.

तिची एकुलती एक मुलगी नोएमी नवऱ्याबरोबर, आबसालोनबरोबर, खाली राहायची, कोरड्या ओढ्यात. टेकडीवर जागा उरली नव्हती, आणि दहा वर्षांत त्या ओढ्यात कुत्र्याला पिण्यापुरतं पाणी आलं नव्हतं. अकरा नोव्हेंबरला संध्याकाळी नोएमी आईकडं आली आणि दारातच उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

"आई, कासिमिरोकाका म्हणतो यंदा ओढा येणार. उन्हाळाभर, मार्चपर्यंत, वर तुझ्याकडं राहायला येऊ का? आबसालोन म्हणतो, उगाच कशाला बिऱ्हाड हलवायचं, आधी आईंना विचार. आज पाणी कसं?"

"अठरा."

"नक्की?"

"माझ्याकडं ऑफिसचा कागद आहे. कासिमिरोकडं काय आहे, मक्याच्या दारूचा घडा?"

नोएमी हसली. तळलेले दोन मासे आबसालोनसाठी पानात बांधून घेतले आणि गेली.

जानेवारीत एका दुपारी ओढा आला. गावावर थेंबही पडला नव्हता. पाऊस वर डोंगरात झाला होता. आबसालोन होडीवर होता. नोएमी घरात होती. ती तिसऱ्या दिवशी सापडली, ओढ्याच्या मुखाशी.

आबसालोन सासूकडं येऊन राहिला. दुसरीकडं जाणार कुठं? कासिमिरो दाराशी येऊन काही बोलायला लागला की हाच त्याला अडवायचा. "काका, आईंना बोलायचं काम नाही. समुद्रानंच काही सांगितलं नाही, त्या काय करतील?" मग आत येऊन तिला म्हणायचा, "आई, दोन घास खा." ती माया तिला सोसायची नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिनं सुखानं ऐकल्या असत्या.

फेब्रुवारीत नवा तापमापक आला, भुशाच्या डब्यात. तिनं जुना आणि नवा एकाच बादलीत बुडवले. दोन्ही अठ्ठावीसवर येऊन थांबले.

ती घरी आली. आबसालोन जाळं दुरुस्त करत बसला होता.

"त्या दिवशी तेवीस होतं," ती म्हणाली. "मी अठरा सांगितलं. तापमापक चांगला होता, बाबा. माझ्या हातालाही कळत होतं."

त्याचा हात थांबला. 

"तिलाही कळलं होतं," तो म्हणाला. "तुमच्याकडं येताना समुद्रात उतरून आली होती. घरी येऊन मला म्हणाली, पायाला पाणी ऊन लागलं. मग स्वतःच हसली. म्हणाली, माझ्या पायाला काय अक्कल, आईला लिमाहून पत्र आलंय."

त्यानं जाळं गुंडाळलं, टोपी घेतली आणि तो टेकडी उतरून गेला. ती त्याला थांब म्हणाली नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार?

मग तिनं वही काढली आणि ऑक्टोबरापासूनचा एकेक आकडा खोडून त्यात पाच मिळवत गेली. सतराचे बावीस. अठराचे तेवीस. अकरा नोव्हेंबरच्या ओळीशी आली, अठरा खोडलं, तेवीस लिहिलं, आणि उघड्या दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "तेवीस आहे, पोरी. वर राहायला ये."